पेवाच्या मालकाचं नाव

११ ऑगस्ट, सोमवार

राजश्री मॅडमच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौदा जण. विषय दिलाय 'माझं मूळ गाव, १९४० ते १९५०'. निबंध लिहायला माझी ना नाही, पण या वर्षी मॅडम ते आधी वाचणार नाहीत. आधी आम्हीच एकमेकांचे वाचायचे. त्यासाठी एक पत्रक छापून आणलंय. तीन रकाने आहेत: आवडलं, कळलं नाही, पटलं नाही. 'छान', 'उत्तम' असं लिहिलं तर पत्रक परत मिळेल. आणि बोलायचं ते लिखाणाबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल नाही.

इथवर ठीक होतं. पण शेवटी वाचणाऱ्याची सही लागणार. 'माझ्या शंकांची उत्तरं मिळाली' असं लिहून त्याने सही केली नाही, तर मॅडम निबंधाला हातही लावणार नाहीत. शेवटची तारीख १० सप्टेंबर. त्यातला एक निबंध १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर, सभागृहात वाचला जाईल.

तो माझाच असेल. गर्व म्हणून नाही सांगत. बाकीच्या तेरांपैकी कुणाचे पणजोबा निजामाच्या तुरुंगात गेले होते?

जोड्या मॅडमनी गावांवरून लावल्या. माझ्या वाट्याला धम्मप्रिया आली. दोन वर्षांत आम्ही चार वाक्यं बोललो असू. चाकूरहून रोज एसटीने येते, मागच्या बाकावर बसते, वर्गात एक शब्द बोलत नाही. तिचं मूळ गावही बोरगव्हाणच निघालं, आमचं औशाजवळचं. मी म्हटलं, 'तू तर चाकूरची ना?' ती म्हणाली, 'आता हाव. आधी न्हवतो.' एवढंच म्हणून वहीत बघायला लागली. हिच्याशी महिनाभर काय बोलायचं?

१४ ऑगस्ट, गुरुवार

निबंध पूर्ण. अकरा पानं. नाव 'तीन महिन्यांची काळकोठडी'. आबांना वाचून दाखवला. आबा म्हणजे माझे आजोबा, राघवेंद्र. वय त्र्याऐंशी, पण शिक्षकी पेशातला ताठा जसाच्या तसा. ऐकताना दोनदा चष्मा पुसला.

सगळ्यात जोरदार जमलाय तो तुरुंगाच्या दाराचा प्रसंग. आबा तेव्हा सहा वर्षांचे होते. काकांचं बोट धरून वडिलांना भेटायला गेले होते. आबांना फाटकावरचा तिरंगा अजून आठवतो, वाऱ्याने त्याचा आवाज येत होता म्हणतात. निजामाच्या तुरुंगावर तिरंगा! कुण्या धाडसी वीराने पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून तो फडकवला असणार. हे मी तसंच लिहिलंय, अंगावर काटा येतो वाचताना.

शिवाय पुरावाही आहे. आमच्या बैठकीत चौकटीत लावलेला पणजोबांच्या सुटकेचा उर्दू कागद. रेणुकादासरावांचा हा कागद बघायला लोक येत. पाहुणे आले की आबा आधी तो दाखवतात, मग चहा येतो. उर्दू आमच्यात आता कुणाला येत नाही, पण १३५८ हे हैदराबाद संस्थानातलं फसली साल आकड्यांवरून कळतं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन. १९४८. मुक्तिसंग्रामाचं वर्ष! कागदाचा फोटो निबंधाला जोडला.

पणजोबांनी पुढे स्वातंत्र्यसैनिकाचा मान कधी मागितला नाही, अर्जसुद्धा केला नाही. निबंधाचा शेवट मी त्यावरच केलाय. अशी माणसं आता कुठे?

आबांनी जाकीट धुवायला काढलंय. सतराला पहिल्या रांगेत बसणार म्हणतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. जेवणही गेलं नाही. पत्रक समोर ठेवून लिहिते आहे, म्हणजे पुढेमागे कुणी मला भांडकुदळ म्हणालं तर निदान या वहीला तरी खरं माहीत असेल.

'आवडलं' मध्ये बाईसाहेबांनी लिहिलंय: 'तिरंग्याचा आवाज ऐकू येतो ही आठवण. ही कुणी बनवून सांगणार नाही.'

'कळलं नाही' मध्ये: 'तुरुंग निजामाचा असताना फाटकावर तिरंगा कसा? "कुण्या धाडसी वीराने" हे आजोबांनी सांगितलं की तू लिहिलंस?' त्याखाली: 'उर्दू कागद कुणाकडून वाचून घेतला? साल लिहिलं आहेस, महिना कोणता?'

'पटलं नाही' मध्ये: 'मान मागितला नाही याचं कारण तू नम्रपणा दिलं आहेस. दुसरं काही कारण असू शकेल का? घरात विचारून बघ.'

सगळं पेन्सिलीने, ठसठशीत, मोत्यासारख्या अक्षरात. हिच्या बापाने कागद लिहून दिला होता का आम्हाला? तीन पिढ्या भिंतीवर आहे तो. तो वाचून घ्यायचा असतो का? देवघरातला देव खरा आहे का म्हणून कुणी सोनाराकडे नेतं?

ग्रंथालयात गाठलं तिला. म्हटलं, 'तुला नेमकं काय म्हणायचंय? आमचे पणजोबा खोटे?'

'मी काही म्हणले न्हाई. मी विचारले.'

'विचारायची पण एक पद्धत असते.'

'पत्रकावर लिव्हलंय की पद्धत. शंका असंल तर विचारायची.' मग वही मिटून, 'तू कागद वाचून घे मालविका. एवढंच कर. कुठं जमा करायच्या आधी.'

उपदेश! आणि तोही असा हळू आवाजात, जसं काही माझ्या भल्यासाठीच. नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःच्या घरात सांगण्यासारखं काही नसलं की माणसं दुसऱ्याच्या भिंतीला भोकं पाडतात.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'त्यांच्यातल्या मुली आता फार धीट झाल्यात.' आई ते चांगल्या अर्थाने म्हणते. आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत.

२० ऑगस्ट, बुधवार

आता तिचा निबंध. नऊ पानं, नाव 'पेव'. सांगणारी तिची आजी सरजाबाई, वय चौऱ्याऐंशी. आजीचा बाप नरसिंग बोरगव्हाणात एका मोठ्या घरी राबायचा. त्या सालात टंचाई होती, लोक बरबडा नावाच्या रानगवताचं बी खाऊन दिवस काढत होते. सरकारला लेव्हीची, सक्तीच्या वसुलीची, ज्वारी घालायची ती घातली नाही आणि मालकाने पन्नास पोती अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खोल खड्ड्यात, उतरवून वरून माती लोटली, शेण सारवलं. उतरवणारा नरसिंगच. वसुलीचे साहेब गावात आले तेव्हा त्याने पेव दाखवलं. ज्वारी निघाली, गावात वाटली गेली. पुढे मालकाच्या माणसांनी नरसिंगच्या घराचं छप्पर उचकटलं. तो बायकापोरांना घेऊन चाकूरकडे गेला आणि पुन्हा गावात पाऊल टाकलं नाही.

गोष्ट म्हणून वाईट नाही. पण हा इतिहास आहे का? मी लाल पेन घेतलं. पेन्सिल माझ्याकडे नाही.

आवडलं: 'हस्ताक्षर.'

कळलं नाही: 'सात वर्षांच्या मुलीला काय आठवणार? एका म्हातारीच्या सांगण्यावर नऊ पानं? लेखी पुरावा कुठे आहे?'

पटलं नाही: 'नऊ पानांत पेवाच्या मालकाचं नाव एकदाही नाही. सगळीकडे "मालक", "मोठं घर". आरोप करायचा आणि नाव लपवायचं, याला भित्रेपणा म्हणतात. नाव नसेल तर हा इतिहास नव्हे, कथा आहे. कथास्पर्धेला पाठवा. नाव घातल्याशिवाय सही करणार नाही.'

छान वाटलं लिहून. नंतर 'भित्रेपणा' हा शब्द लिखाणाबद्दल आहे की लिहिणाऱ्याबद्दल याचा थोडा विचार केला. पण पेन लाल होतं, खोडता येत नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तिने पत्रक माझ्यासमोरच वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं आता रडेल नाहीतर भांडेल. ती म्हणाली, 'नाव पाहिजेच का तुला?'

मी म्हटलं, 'पाहिजेच.'

'नीट इचार करून सांग.'

'यात विचार काय करायचा? नावाशिवाय इतिहास असतो का?'

'न्हाई,' ती म्हणाली. 'नसतो. बरोबर हाय तुझं.' आणि पत्रक घडी घालून माझ्या हातात परत दिलं. घाबरली, दुसरं काय. नाव ठाऊकच नसणार. हवेत बाण मारणाऱ्यांना निशाणा विचारला की असंच होतं.

मग मी मॅडमकडे गेले. म्हटलं, जोडीदार बदलून द्या, तिच्या शंका पूर्वग्रहातून आल्यात. मॅडमनी माझा निबंध न उघडता फक्त पत्रक वाचलं. म्हणाल्या, 'मालविका, यात एकही विधान नाही, सगळे प्रश्न आहेत. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं.' मग माझं लाल पत्रक वाचलं. 'आवडलं' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, 'हे पुन्हा लिही.'

मी लिहिणार नाही. दुसरं काही आवडलेलंच नाही तर खोटं लिहू?

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. दुपारी मोदक खाताना मी आबांना सहज विचारलं, 'तुरुंगावर तिरंगा कुणी लावला होता?'

'लावला असेल कुणीतरी,' आबा म्हणाले. 'सहा वर्षांच्या पोराला काय कळतं?'

एरवी हेच आबा पाहुण्यांना पहारेकऱ्याच्या मिशासुद्धा सांगतात. मी म्हटलं, 'आबा, ती माझी जोडीदार फार पिडते हो. बोरगव्हाणच्या कुणा नरसिंगची पणती आहे.'

आबांनी हातातला मोदक ताटात परत ठेवला. 'कुठला नरसिंग?'

'चाकूरला गेला म्हणे गाव सोडून. त्याचं छप्पर—'

'तिचा निबंध तू वाचायचा नाहीस,' आबा म्हणाले. आवाज चढला होता. 'समजलं? देऊन टाक परत.' आणि ताटावरून उठले. बहुतेक साखर कमी-जास्त झाली असेल, सणाच्या दिवशी त्यांचं जेवण लांबतं. पण मला बरं वाटलं. घरात निदान एक माणूस माझ्या बाजूने आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

आठ दिवस राहिलेत आणि बाई सही करून देत नाहीत. आज बसस्टँडवर गाठलं, चाकूरची गाडी लागायची होती.

'किती दिवस अडवणार आहेस?'

'मी कुठं अडवून राहिले? कागद वाचून आण, सही घे.'

'माझ्याच जिवावर उठलीयेस का तू? माझे आजोबा सतराला पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांचं वय बघ, त्यांचा विचार कर जरा.'

ती पहिल्यांदा चिडली. 'त्यांचाच इचार करून राहिले मी! भरल्या सभेत कुणी शाना उठला अन् तिरंगा कसा म्हणून विचारला तर काय सांगशील तू? मी पेन्सिलीनं एकटीला विचारले. तिथं माईकवर विचारतील.' गाडी आली. पायरीवर चढताना वळून म्हणाली, 'तू मला पुरावा मागितलास ना. मी लई हिंडून राहिले त्याच्यासाठी. आमच्या पप्पांनी अर्ज टाकून रजा काढली. अन् तुझा पुरावा तर भिंतीलाच टांगलाय.'

लोक बघत होते. काय शोभा! पण ठरवलंय, कागद वाचून आणायचाच. आणि शिक्का मारून तिच्या तोंडावर मारायचा.

६ सप्टेंबर, शनिवार

औशाला जाऊन आले. आज लिहवत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

लिहिते.

औशाला वीरभद्रअप्पा राहतात, भूमिअभिलेखमधून निवृत्त. नोकरीत जुने निजामी कागद वाचता वाचता उर्दू पक्कं झालेलं, अजून कोर्टाचे लोक त्यांच्याकडे येतात. किल्ल्याच्या बाजूला घर. मी चौकट पिशवीतून नेली होती. आबा झोपले असताना खिळ्यावरून काढली, हे इथे कबूल करते.

अप्पांनी चौकट उजेडात धरली, भिंग लावलं. मी वही उघडून बसले होते. ते आधी मनातल्या मनात वाचून गेले आणि माझ्याकडे बघितलं. 'कोण लागतात तुमचे?'

'पणजोबा.'

'हं. रेणुकादास वल्द व्यंकटराव, साकिन बोरगव्हाण. म्हंजे व्यंकटरावांचा मुलगा, राहणार बोरगव्हाण. बरोबर?'

'हो. स्वातंत्र्यसैनिक होते.'

अप्पा पुन्हा कागदाकडे वळले. बोट ठेवून वाचत गेले. 'कैदेची मुदत तीन महिने, ती पुरी झाली म्हणून सोडलं. तारीख सात, माहे इस्फंदार, फसली तेराशे अठ्ठावन्न.'

'म्हणजे १९४८,' मी म्हटलं. '५९० मिळवून.'

'तसं सरसकट मिळवत न्हाईत, बाई. हैदराबादचं फसली साल आक्टोबरात लागायचं. पहिले तीन महिने पाचशे नव्वद, पुढं पाचशे एक्क्याण्णव. इस्फंदार म्हणजे जानेवारी. साल एकोणपन्नास.' भिंग खाली ठेवून म्हणाले, 'निजाम आदल्या सप्टेंबरातच गेल्ता की. तवा तुरुंग आपलाच होता, झेंडा पण आपलाच.'

आबांना आठवणारा तिरंगा. वाऱ्याने वाजणारा. अकरा पानांत तेवढीच एक गोष्ट खरी निघाली.

मी विचारलं, 'गुन्हा लिहिलाय का?' विचारताना माझं मलाच कळत होतं काय ऐकू येणार ते. आधी कुठेतरी वाचलेलं होतं मी. लाल पेनाने त्याच्याखाली रेघाही ओढल्या होत्या.

'लिव्हलंय साफ. लेव्हीची ज्वारी, पन्नास पोती, घरच्या पेवात दडवली. खबर देणार...' अप्पांनी पुन्हा भिंग उचललं. 'नरसिंग. पुढचं पुसलंय.'

अप्पांच्या सुनेने ताक दिलं. मी ते प्याले. आभार मानले. येताना एसटीत चौकट मांडीवर पालथी ठेवली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमच्या घरात तीन पिढ्या कळसा भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवत होते. पणजोबा हुशार. त्यांनी फक्त कागद जपला, कुणाला वाचून दाखवला नाही, आणि मान मागायला गेले नाहीत, कारण अर्जाला कागद जोडावा लागला असता. कौतुक आम्हीच करत राहिलो.

मला त्यांचा राग येतोय. आबांचा येतोय. आणि सगळ्यात जास्त तिचा. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. माझ्या निबंधात तिने नाव वाचलं, गाव वाचलं, आणि पेन्सिल उचलून विचारलं, 'महिना कोणता?' तोंडावर सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आबा बैठकीत रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले होते. मी चौकट त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, 'वाचून आणला.'

त्यांनी चौकटीच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाले, 'पेवात उतरायला मला फार आवडायचं. आत ऊब असते. नरसिंग मला खांद्यावरून खाली सोडायचा.'

'तुम्हाला माहीत होतं?'

'कागदात काय आहे ते माहीत नव्हतं. कधी विचारलं नाही.' मग खाली बघून, 'छप्पर उचकटताना मी तिथे होतो. काकांनी नेलं होतं मला, बघ म्हणाले. त्याची एक पोरगी होती, माझ्याएवढी. भांडं धरून उभी होती. त्यात पीठ होतं बहुतेक. वरून माती पडत होती, तर ती भांड्यावर हात धरून होती.'

त्र्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर बसून रडत होता आणि मला त्याची कीव येत नव्हती. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं खरं. मला ते भांडं दिसत होतं.

'वाचणार आहेस का हे सगळ्यांसमोर?' आबांनी विचारलं.

'माझा नाही वाचणार.'

जाकीट इस्त्री होऊन दारामागे टांगलेलं आहे. ते त्यांनी काढलंही नाही आणि घातलंही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

धम्मप्रियाने दुसरा खर्डा दिला. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, तिने बघायला लावलंही नाही. बाकावर ठेवला आणि गेली.

पाठीमागे पुराव्याची नक्कल जोडली आहे. औशाच्या जुन्या दप्तरातून तिच्या वडिलांनी काढलेली पेवाच्या पंचनाम्याची प्रत, सोबत मराठी वाचन. मी मागितला होता, तिने आणला. मालकाचं नाव पंचनाम्यात आहे, पण निबंधात जिथे जिथे ते यायला हवं तिथे तिने मोकळी जागा सोडली आहे. सगळी मिळून चार ठिकाणं. वर पेन्सिलीने लिहिलंय:

'तुझी सूचना बरोबर होती. नावाशिवाय इतिहास नसतो. मी आधी नाव घातलं नव्हतं कारण एकाच वर्गात बसायचं होतं. भित्रेपणा म्हण हवं तर. आता तू मागितलंस म्हणून जागा ठेवली आहे. उद्या जमा करायचा आहे. नाव तू लिही.'

खाली सही नाही, 'तुझी' वगैरे काही नाही. उपकार करते आहे की सूड घेते आहे? मला खरंच कळत नाही. दोन्ही असेल. तिच्या जागी मी असते तर नुसता सूडच असता.

दुपारभर बसले. मग माझं जुनं पत्रक फाडलं आणि नवं घेतलं.

आवडलं: 'पेव कसं भरतात, कसं लिंपतात, हे मला या निबंधामुळे कळलं. आमच्या घरात पेव होतं हेही.'

कळलं नाही: 'छप्पर कुणी उचकटलं ते निबंधात "मालकाची माणसं" एवढंच आहे. त्यांत मालकाचे धाकटे भाऊ होते; हे पाहिलेला एक माणूस हयात आहे. त्याला एक मुलगी आणि एक भांडं आठवतं. तुझ्या आजींना विचार, त्या भांड्यात काय होतं. त्या भेटायला तयार असतील तर तो येईल. नसतील तर त्यांचं बरोबर आहे.'

पटलं नाही: रिकामं ठेवलं.

मग चार जागा भरल्या. रेणुकादास वल्द व्यंकटराव, साकिन बोरगव्हाण. पहिल्या जागेवर माझं आधीच वाईट असलेलं अक्षर अगदी कोंबडीच्या पायासारखं उमटलं. तिच्या मोत्यांच्या ओळीत ते लगेच उठून दिसतं. सही केली.

१० सप्टेंबर, बुधवार

माझा निबंधही जमा केला. नाव बदललं, 'आमच्या भिंतीवरचा कागद'. पहिली सात पानं जशीच्या तशी ठेवली, पुढे चार पानांत ती कशी चुकली ते लिहिलं. धम्मप्रियाने उभ्या उभ्या वाचला आणि सही केली. पत्रकात 'आवडलं' खाली लिहिलं, 'सात पानं फाडली नाहीस ते.' 'पटलं नाही' खाली, 'हस्ताक्षर.'

मी हसले नाही. तीही हसली नाही. आमचं काही जमणार नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

निवड तिच्या निबंधाची झाली. व्हायलाच हवी होती, तरी मॅडमनी सांगितलं तेव्हा हेवा वाटला. लिहून ठेवते.

सकाळी मी निघाले तर आबा दारात उभे, जाकीट घालून. मी म्हटलं, 'माझा नाहीये आज.' म्हणाले, 'माहीत आहे. रिक्षा बोलव.'

सभागृहात ते पहिल्याच रांगेत जाऊन बसले, रोजच्यासारखे ताठ. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी होती, पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, शेजारी तिचा मुलगा. सरजाबाई. मधे सात खुर्च्या रिकाम्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

धम्मप्रिया वाचायला उभी राहिली. वर्गात एक शब्द न बोलणारी ही मुलगी माईकवर इतकी स्वच्छ वाचते हे मला ठाऊकच नव्हतं. टंचाई आली, ज्वारी आली, पेव आलं. 'या पेवाचे मालक होते,' तिने वाचलं आणि अडकली.

माझी ती पहिली जागा. कोंबडीचे पाय. मी मनात स्वतःला शिव्या घातल्या, एवढं एक नाव नीट लिहिता आलं नाही मला. ती कागदाकडे बघत नव्हती, समोर पहिल्या रांगेकडे बघत होती, बहुतेक आठवत असेल. मागे कुणीतरी खाकरलं.

तेव्हा आबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि शाळेत हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, 'रेणुकादास वल्द व्यंकटराव. साकिन बोरगव्हाण. लिहिलंय ते वाच, पोरी.'

धम्मप्रियाने नाव वाचलं, आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं. आबा खाली बसले नाहीत. तिचं वाचून होईपर्यंत उभेच होते.